माथ्यापासून खाडीपर्यंत: न्यूझीलंडमधली पाण्याची राखण

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेल्या भाषणाचा मजकूर. सभेला येऊ न शकलेल्या सदस्यांच्या आग्रहावरून येथे देत आहोत.)



विषयपत्रिकेवर माझ्या नावापुढे नुसतं ‘पाणी’ लिहिलंय. अध्यक्षताई मला आधीच म्हणाल्या, ‘झाडे लावा, पाणी अडवा’ सोडून काहीतरी सांग, ते आम्हाला पाठ आहे. म्हणून आज तुम्हाला लांबच्या देशात नेते, न्यूझीलंडला. क्रिकेट बघणाऱ्या पोरांना नाव माहीत असेल. एमएसडब्ल्यूला असताना मी तिथल्या पाण्याच्या कारभारावर बरंच वाचलं होतं. आपल्या बऱ्याच गटांनी दुधाच्या जनावरांसाठी कर्ज घेतलंय, आणि तो देश तर दुधावरच उभा आहे. तिथे काय झालं ते तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर समजेल.

दोन मोठी बेटं मिळून हा देश. माणसं साधारण ५० लाख, म्हणजे मुंबईच्या निम्मीसुद्धा नाहीत. दुभत्या गाईही जवळपास तितक्याच. आणि तिथली गाय आपल्यासारखी गोठ्यात दावणीला नसते, ती बहुतेक सगळं वर्ष बाहेर गवतातच चरते. शेण, मूत सगळं तिथेच पडतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता तिथलं पाणी बघतं कोण? पूर्वी तिथेही शेकडो छोटी छोटी मंडळं होती. नदीचं वेगळं, बंदराचं वेगळं, पाण्याचा निचरा करणारं आणखी वेगळं. १९८९ साली सरकारने हा सगळा पसारा आवरला आणि प्रादेशिक परिषदा नेमल्या. आज अशा ११ परिषदा आहेत. शिवाय ५ ठिकाणी प्रादेशिक आणि स्थानिक कारभार एकाच परिषदेकडे आहे.

मला सगळ्यात आवडली ती या परिषदांच्या हद्दी आखायची रीत. त्या मुख्यतः पाणलोट बघून आखल्या. तुमच्यातल्या ज्यांनी पाणलोटाच्या कामावर मजुरी केलीय त्यांना हे फोडून सांगायला नको. डोंगराच्या माथ्यावर उभं राहायचं. इकडे पडलेला थेंब या नदीला जातो, तिकडे पडलेला त्या नदीला. जिथे पाणी फुटतं तिथे परिषदेची हद्द. म्हणजे नदीचा उगम, मधली शेतं, खालची खाडी आणि समुद्राचा काठ हे सगळं शक्यतो एकाच कार्यालयाकडे. समुद्रातसुद्धा भरतीच्या रेषेपासून पुढे १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटरपर्यंत त्यांचा अधिकार चालतो. शिंपल्यांची शेती करायची असो की जेटी बांधायची असो, परवान्यासाठी त्यांच्याकडेच जायचं.

नळाचं पाणी, कचरा, गल्लीतला रस्ता हे मात्र त्यांच्याकडे नाही. त्याला वेगळ्या स्थानिक परिषदा आहेत. हेही लक्षात ठेवा, कारण मोठा घोटाळा इथेच झाला.

परिषदेचे सदस्य लोकच निवडतात, दर ३ वर्षांनी. मतपत्रिका टपालाने घरी येते. खर्चासाठी घराजमिनीवर पट्टी बसते, आपल्या घरपट्टीसारखी.

१९९१ साली त्यांनी एक कायदा केला, संसाधन व्यवस्थापनाचा. त्यातली एक गोष्ट मी वर्गात दोनदा वाचली होती. स्वतःच्या जमिनीत काही करायचं असेल तर, एखाद्या नियमाने मनाई केली नसेल तोवर मोकळीक. पाण्याचं उलट. नदीतून किंवा बोअरमधून पाणी उचलायचं असेल तर, नियमाने किंवा परवान्याने मुभा दिली नसेल तोवर मनाई. घाण पाणी सोडायचं तरी तेच. घरच्या गरजेपुरतं आणि जनावरांना पाजायला घेतलेल्या पाण्याला मात्र परवाना लागत नाही. पिण्याचं पाणी बाजूला काढलं आणि मग बाकीचा हिशोब सुरू केला.

ऐकायला छान वाटतं. पण परवाना ३५ वर्षांपर्यंतचा मिळू शकतो, आणि बहुतेक ठिकाणी जो आधी आला त्याला आधी मिळाला. म्हणजे उशिरा आलेल्याने रिकामी बादली घेऊन उभं राहायचं. नळावरची रांग आपल्याला काही नवीन नाही.

आता गाईकडे येऊ.

त्या देशातलं सगळ्यात मोठं सरोवर म्हणजे टाउपो. ६०० चौरस किलोमीटरहून मोठं, निळंशार, तळ दिसेल इतकं स्वच्छ. भोवताली ज्वालामुखीची भुसभुशीत माती. त्या मातीत पाणी झरझर मुरतं. गाय मुतते तेव्हा हातभर जागेत एकदम भरपूर नत्र पडतं. तेवढं नत्र तिथलं गवत घेऊ शकत नाही. उरलेलं नायट्रेट होऊन पावसाबरोबर खाली उतरतं, भूजलात मिसळतं आणि सावकाश सरोवराकडे निघतं. या सावकाश जाण्यातच सगळी गोम आहे. काही ठिकाणी ते पाणी सरोवरापर्यंत पोचायला अनेक दशकं लागतात. सासूच्या काळात शेतात पडलेलं नत्र सुनेच्या काळात सरोवरात येतं. तोवर सगळे म्हणत राहतात, पाणी तर चांगलं आहे की!

वायकाटो भागाच्या प्रादेशिक परिषदेने ठरवलं की सरोवर बिघडायची वाट बघायची नाही. प्रत्येक शेतावरून किती नत्र झिरपतं याचा हिशोब मांडला आणि त्याला कमाल मर्यादा घातली. वर असंही ठरलं की माणसाच्या हाती आहे त्या नत्रातलं २० टक्के कायमचं कमी करायचं. त्यासाठी केंद्र सरकार, प्रादेशिक परिषद आणि स्थानिक परिषद अशा तिघांनी मिळून तिथल्या ८ कोटी डॉलरहून जास्त निधी उभा केला. त्यातून शेतकऱ्यांकडून नत्राचा हक्क विकत घेतला, काही शेतंच विकत घेतली, काही कुरणांवर पाइनची झाडं लावली. वर्षाला १७० टन नत्र कमी करायचं ठरलं होतं आणि २०१५ पर्यंत त्याचे करार पूर्ण झाले. नुसतं ‘गाई कमी करा’ म्हणून फलक लावला नाही, पैसे मोजले. माझ्या मते तिथलं हे सगळ्यात शहाणपणाचं काम. कारण ज्या बाईचं घर दोन गाईंवर चालतं तिला फुकटचा उपदेश करून काय होणार?

पण यात एक खोट राहिली. मर्यादा कशावरून ठरली? आधीच्या वर्षांत तुम्ही किती नत्र सोडत होता त्यावरून. ज्याने भरपूर गाई पाळल्या त्याला मोठा वाटा मिळाला. आणि सरोवराकाठच्या मूळच्या माओरी लोकांची बरीच जमीन रानाखाली होती. त्यांनी काही बिघडवलं नव्हतं, म्हणून त्यांना वाटा छोटा. आता पुढे त्यांना त्या जमिनीत दुधाचा धंदा करावासा वाटला तर अडचण. राखणाऱ्यालाच तोटा. आपल्या गटात कर्जवाटपाच्या वेळी अशी भांडणं होतात ना, ‘तिला मागच्या वेळी जास्त मिळालं म्हणून यंदाही जास्त का?’ तशीच ही गत.

तारानाकी नावाच्या भागात दुसरी वाट धरली. मधोमध मोठा डोंगर, त्यावरून चहूबाजूंनी ओढे उतरतात आणि शेताशेतांतून समुद्राला जातात. गाई सरळ ओढ्यात उतरायच्या. तिथल्या परिषदेने शेतकऱ्यागणिक आराखडे केले, ओढ्याच्या दोन्ही काठांना तारेचं कुंपण आणि कुंपणाच्या आत झाडं. रोपं परिषदेनेच स्वस्तात पुरवली. तीसेक वर्षांत लाखो रोपं लागली. काठाला झाडोरा असला की शेतातली माती आणि शेण ओढ्यात पोचायच्या आधी अडतं, पाण्यावर सावली राहते.

पुढे २०२० मध्ये सरकारने देशभरासाठी नियमच केले. दुभत्या गाई आणि डुकरं एक मीटरहून रुंद ओढ्यापासून ३ मीटर लांब ठेवायची. चराऊ कुरणात रासायनिक नत्र वर्षाला हेक्टरी १९० किलोपेक्षा जास्त टाकायचं नाही, आणि दूध उत्पादकाने किती टाकलं त्याचा हिशोब दर वर्षी परिषदेला द्यायचा. आपल्या भाषेत मांडून बघते. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत साधारण पावणेएकवीस किलो नत्र असतं. म्हणजे एकरी वर्षाला पावणेचार गोण्यांच्या आत. पीक वेगळं, जमीन वेगळी, त्यामुळे थेट तुलना करू नका. पण घरी गेल्यावर आपल्या उसाला वर्षभरात किती गोण्या गेल्या ते मालकांना विचारा. आपण फक्त गोणी उचलायला हात लावतो, हिशोब विचारत नाही.

आता खाली खाडीत उतरू. उत्तर बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर काइपारा नावाची अवाढव्य खाडी आहे. तिच्यात उगवणाऱ्या समुद्री गवतात स्नॅपर माशाची पिल्लं वाढतात. त्या किनाऱ्यावरच्या स्नॅपरचं ते पाळणाघरच. पण वरच्या डोंगरांवरची जंगलं तोडून कुरणं केली, आणि दर पावसाळ्यात माती धुपून खाडीत यायला लागली. पाणी गढूळ झालं की ऊन खाली पोचत नाही, गवत मरतं, पिल्लांचा आसरा जातो. मासेमारी करणाऱ्याने कितीही जाळी बदलली तरी उपयोग नाही, कारण दुखणं डोंगरावर आहे. शिवाय ही खाडी दोन परिषदांच्या हद्दीत वाटली गेलीय, पाणलोटाचा नियम इथे पुरा लागू झाला नाही. शेवटी २०२० पासून दोन्ही परिषदा, केंद्र सरकार आणि खाडीकाठचे माओरी एकत्र बसले. आता वरच्या शेतकऱ्याला कुंपणासाठी आणि झाडांसाठी पैसे मिळतात. म्हणजे माशासाठीचा खर्च डोंगरावर होतो. कोकणात माहेर असलेल्या ताईंना ही गोष्ट लगेच पटेल.

आता तो घोटाळा सांगते. यासाठीच मी आज हा विषय घेतला.

हॅवलॉक नॉर्थ नावाचं गाव, वस्ती साधारण १४ हजार. नळाला बोअरचं पाणी. खोल भूजल आहे, शुद्धच असणार, असं सगळ्यांनी धरलेलं. त्यात क्लोरीन टाकत नव्हते. लोकांनाही बिनऔषधाच्या गोड पाण्याचा अभिमान होता. आपल्याकडे टीसीएल टाकलं की ‘पाण्याला वास मारतो’ म्हणून ओरडतात, तसंच. २०१६ च्या ऑगस्टमध्ये जोराचा पाऊस झाला. बोअरजवळच्या कुरणात मेंढ्या चरत होत्या. त्यांच्या लेंड्या धुऊन पाणी शेजारच्या तळ्यात गेलं, तळ्यातून जमिनीत, जमिनीतून बोअरमध्ये, आणि तिथून घरोघरच्या नळात. काही दिवसांत गाव जुलाब-उलट्यांनी आडवं झालं. सुरुवातीचा अंदाज साडेपाच हजार माणसांचा होता, नंतरच्या अभ्यासात तो आणखी वाढला. ४ मृत्यूंचा संबंध या साथीशी जोडला गेला.

श्रीमंत देश, शिकलेले लोक, कायदा कडक, पाण्यासाठी वेगळी परिषद. तरी मेंढीची लेंडी नळात आली.

सरकारने चौकशी बसवली. अहवालात काय निघालं? बोअर आणि नळ स्थानिक परिषदेचे. भूजल राखायचं काम आणि बोअरचा परवाना प्रादेशिक परिषदेचा. बोअरच्या आजूबाजूला काय चाललंय, पाणी वरून आत शिरू शकतं का, हे नीट तपासायचं काम दोघींकडून राहिलं. एकमेकींशी धड बोलणंही नव्हतं. साथीनंतर तर एकीने दुसरीवर खटला भरला, पुढे तो मागे घेतला. आणि याच गावात १९९८ मध्येही पाण्यातून अशीच साथ आली होती. तेव्हाचा धडा कागदातच राहिला. पुढे पिण्याच्या पाण्यावर देखरेखीसाठी देशपातळीवर स्वतंत्र संस्था नेमावी लागली.

मला यात मेंढ्यांपेक्षा त्या दोन कार्यालयांमधली रिकामी जागा जास्त महत्त्वाची वाटते. एकीला वाटलं ते तिचं काम, दुसरीला वाटलं ते हिचं.

आता कोणी विचारेल, परिषद लोकांनी निवडलेली, मग लोकांनी जाब विचारला की भागलं? तेही इतकं सोपं नाही. कँटरबरी हा तिथला सगळ्यात जास्त बागायतीचा भाग. २०१० मध्ये केंद्र सरकारने तिथल्या निवडून आलेल्या सदस्यांना घरी पाठवलं आणि आपले माणूस नेमले. कारण दिलं, पाण्याचा कारभार नीट होत नाही. पूर्ण निवडून आलेली परिषद परत यायला २०१९ उजाडलं. त्या काळात बागायत वाढली, गाई वाढल्या, आणि आज तिथल्या कितीतरी खाजगी विहिरींत नायट्रेटचा प्रश्न आहे. नळयोजनेच्या पाण्याची तपासणी होते, पण आपल्या अंगणातल्या विहिरीचं पाणी ज्याचं त्याने तपासून घ्यायचं असतं. तिथली नायट्रेटची मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम, आपल्याकडे ४५.

गावात किटने पाणी तपासायचं प्रशिक्षण घेतलेल्या ताई इथे बसल्यात, त्यांना नायट्रेटची चाचणी माहीत आहे. बाकीच्यांसाठी सांगते. जास्त नायट्रेटच्या पाण्यात वरचं दूध कालवून सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला पाजलं तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहून न्यायची ताकद कमी होते. ओठ, अंग निळसर पडतं. आणि पाणी उकळून नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटतं आणि नायट्रेट तेवढंच राहतं, म्हणजे प्रमाण वाढतं. आपण बायका प्रत्येक दुखण्यावर ‘पाणी उकळून प्या’ सांगतो. जंतूंसाठी ते बरोबर, पण नायट्रेटला चालत नाही.

आता आपल्याकडे असं एकच कार्यालय आहे का? नाही. नळयोजना ग्रामपंचायतीकडे, भूजलाचा अभ्यास भूजल सर्वेक्षणवाल्यांकडे, धरण-कालवा जलसंपदाकडे, बंधारे मृद व जलसंधारणाकडे, कारखान्याचं घाण पाणी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. मी काही तिथल्यासारखी परिषद इथे आणा म्हणत नाही. तिथेही आता तो कायदाच बदलायचं चाललंय. मी एवढंच म्हणते, आपल्या विहिरीच्या वर काय आहे आणि ते कोणाच्या वहीत आहे, हे गावात कोणाला तरी माहीत असायला हवं. ग्रामसंघाला का नसावं?

म्हणून पुढच्या सभेपर्यंत प्रत्येक ग्रामसंघाने एक काम करायचं. पाच-सहा जणींनी पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किंवा बोअरपासून वरच्या अंगाला चालत जायचं, पाणी जिकडून येतं तिकडे. वाटेत कोणाचा उकिरडा आहे, जनावरं कुठे बांधतात, शौचालयाचे शोषखड्डे किती जवळ आहेत, एखादं जुनं बंद बोअर तोंड उघडं टाकून दिलंय का, हे सगळं बघायचं. शेजारणीचा उकिरडा दिसला तर तिथेच भांडण काढू नका, फक्त लिहून घ्या. मग ग्रामपंचायतीत जाऊन ग्रामसेवकांना विचारायचं, आपल्या गावाला पाण्याचं कोणतं कार्ड मिळालंय, हिरवं, पिवळं की लाल? ते कार्ड पाण्याच्या ठिकाणाची आणि आजूबाजूची पाहणी करूनच देतात. ‘साहेब मीटिंगला गेलेत’ म्हणाले तर दुसऱ्या दिवशी परत जायचं, आणि दोघी-तिघींनी मिळून जायचं.

जे दिसलं त्याचा नकाशा काढून आणा. माथा वर, ओढा मधे, विहीर खाली. सुंदर नको, खरा हवा. चार्ट पेपर कार्यालयातून घेऊन जा. स्केचपेन मात्र आपापले आणा, गेल्या वेळी आमच्याकडचे सगळे सुकलेले निघाले होते.